घरोर आणि मामासाहेबांची पगडी

त्या आश्विनात आमच्या घरात हसायला बंदी झाली. बंदी आत्याबाईंनी घातली होती, आणि आत्याबाईंची बंदी म्हणजे दरबारच्या हुकुमाच्याही वर. आत्याबाई आमच्या अण्णांची थोरली बहीण. आई गेल्यावर एक वळकटी आणि एक पितळी डबा घेऊन त्या जव्हारला आमच्याकडे आल्या, त्या कायमच्याच. अण्णा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. बोलायला इतके मऊ की घरात त्यांचं मांजरसुद्धा ऐकत नसे. तर बंदीचं कारण होती माझी ताई, यमुना. त्या वर्षात तिला बघायला दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्हींसमोर ती हसली होती. गालातल्या गालात नव्हे, चांगली खदखदून! पहिल्या वेळी मुलाच्या वडलांनी "स्वयंपाक येतो का, बाळ?" एवढंच विचारलं, तर ही पदराचा बोळा तोंडात कोंबून माजघरात पळाली. दुसऱ्या वेळी तर कोणी काही विचारलंही नव्हतं. मुलाचे काका नुसते खाकरले, आणि हिला जे हसू फुटलं ते तबक हातातून पडेपर्यंत थांबेना. ती मंडळी फराळाला हात न लावता उठली आणि जाता जाता अण्णांना हळूच म्हणाली, "मुलीला काही बाहेरचं तर नाही ना?"

शेजारणी ताईला घोडनवरी म्हणायला लागल्या होत्या, आणि त्याही कुजबुजत नव्हे. आता तिसरं स्थळ मोखाड्याहून यायचं होतं. मोखाडं काही लांब नाही, पण ते इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही संस्थानी. त्यामुळे "पोरगी परमुलखात द्यायची का?" यावर आधी आठ दिवस खल झाला. शेवटी परमुलूख पत्करला, कारण हेही स्थळ परत गेलं तर जव्हारात आमच्या दारात कुत्रंही उभं राहणार नाही, असं आत्याबाई दिवसातून तीनदा सांगत. म्हणून मंडळी येऊन जाईपर्यंत घरात कोणी हसायचं नाही आणि कोणी कोणाला हसवायचं नाही. ताईला सवय लागावी म्हणून सगळ्यांनीच तोंडं पाडून बसायचं. अण्णा कचेरीतून येऊन टोपी खुंटीला अडकवताना चुकून शीळ घालत, तर स्वयंपाकघरातून आवाज येई, "काय लग्नघर आहे की तमाशा?"

मी तेव्हा आठेक वर्षांची असेन. मला सगळे बनी म्हणत. आई मला फारशी आठवत नाही, पण तिच्यानंतर माझी वेणी घालणं, मला भरवणं, माझ्या गळवांना पोटीस बांधणं हे सगळं ताई करी. मी निजायची ती ताईच्या पदराचं टोक माझ्या परकराच्या नाडीला गाठ मारून. ती उठली की मला कळलं पाहिजे, एवढाच हेतू. त्यामुळे घरातले सगळे देवासमोर "स्थळ जमू दे" म्हणत असताना मी डोळे घट्ट मिटून त्याच देवाला "मोडू दे" म्हणत असे. देवाची काय पंचाईत झाली असेल कोण जाणे. मला सांगायला आज लाज वाटत नाही. मला ताई हवी होती, बास.

आमच्या घराचं सगळं सुख मागच्या परसात होतं. चुलीच्या धुराने काळी पडलेली मागची भिंत, तिच्याकडेने झेंडू आणि तुळशी, एका बाजूला मांडवावर चढलेला दोडका, आणि मधे चांगली सारवलेली जागा. तिथे ऊन असेपर्यंत काही ना काही वाळत पडलेलं असे. त्या दिवसांत माळांवर खुरासणी पिवळीधमक फुलते. तिच्यावरच्या मधमाश्या परतताना आमच्या तुळशीवरही येत आणि दुपारभर तिथे नुसती गुणगुण चाले. कचेरीचा टोल पडे, आत आत्याबाईंचं जातं घरघरत असे, आणि परसात साखरशेतची जानी भांडी घासत तोंडाने काहीबाही गात असे. जानी वारली जमातीची. आमच्याकडे ती कामाला होती, पण आत्याबाईंना न घाबरणारी घरातली एकटीच. ती येताना रानातले हिरडे आणी, ते आमच्या परसात तरटावर वाळत घाली, आणि मी त्यांचे खेळ मांडी.

एका दुपारी त्या सारवलेल्या जागेच्या कडेला, जिथे माती भुसभुशीत होती, तिथे मला ती माशी दिसली. गांधीलमाशीसारखी, पण अंगाने बारीक; काळ्या अंगावर पिवळे पट्टे. पुढच्या पायांनी माती उकरायची आणि मागच्या पायांनी फेकायची, कुत्रं उकरतं अगदी तसं. बघता बघता बीळ झालं आणि ती आत गेली. मी जानीला हाक मारली. जानी राखेने माखलेले हात घेऊन आली, वाकून बघितलं आणि तिने कपाळाला हात लावला.

"अगो बाय, ह्यो तं घरोर आला तुमच्याकडं!"

"घरोर म्हणजे काय गं?"

"आमच्यात ज्या पोऱ्याकडं लगनाला काय नाय ना, तो सासऱ्याच्या घरी राबाया येतं. माती उकरतं, लाकडं फोडतं. मंग त्याला पोरगी मिळं. तो घरोर. ह्यो बी बघ कसा उकरतं, हाय का नाय घरोर?" आणि ती मनमुराद हसली. जानीला बंदी लागू नव्हती.

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याबाईंनी ऐकलं. आता जानी बोलायला लागली की आत्याबाईंना निम्मं कळे, आणि उरलेलं निम्मं त्या आपल्या पदरचं घालत. त्यांच्या कानांत 'घरोर' पडला, 'लगीन' पडलं, 'तुमच्याकडं आला' पडलं. त्या जातं सोडून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि बिळापाशी बसून त्यांनी हात जोडले. ज्या घरात लग्न ठरायचं असतं त्या घराच्या परसात घरोर येतो, हे त्यांनी तिथल्या तिथे पक्कं केलं. जानी "नाय गे आत्याबाय, मी तं गंमत केली" म्हणत राहिली, पण ऐकतंय कोण! संध्याकाळपर्यंत बिळाला हळदकुंकू वाहिलं गेलं, भोवती ठिपक्यांची रांगोळी निघाली आणि त्या कोपऱ्यात केरसुणी फिरवायची नाही असा नवा हुकूम सुटला.

"अक्का, ती माशी आहे. चावते," अण्णा म्हणाले.

"तुला कचेरीत हेच शिकवलं वाटतं? पोरीच्या लग्नाचा शकुन आणि म्हणे माशी!"

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. घरोर बाहेरून आला तो एका मधमाशीला पोटाशी घट्ट धरून. मधमाशी निपचित. बिळाच्या तोंडाशी तो क्षणभर थांबला आणि तिच्या तोंडाला तोंड लावून बसला. आत्याबाईंनी "अगो बाई, नवरी आणली!" म्हणून टाळी वाजवली, मग तो काय करतोय ते नीट दिसल्यावर माझ्या डोळ्यांवर पदर टाकला. "बघू नये गं तिकडे, मेला निलाजरा." आता माझा नातू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो पोट धरधरून हसला. म्हणाला, आजी, ती मधमाश्यांची शिकार करणारी गांधीलमाशी. शिकार करते ती मादी. मधमाशीला डंख मारून लुळी करते, तिच्या पोटातला मध दाबून काढून चाटते आणि मग पोरांच्या खाण्याला बिळात नेऊन ठेवते. म्हणजे आत्याबाईंनी आठ दिवस ज्याची पूजा केली तो नवराही नव्हता आणि नवरीही नव्हती. ती पोरांची तरतूद करायला बाजारात गेलेली एक बाई होती. बरं झालं, आत्याबाई तेव्हा हयात नव्हत्या, नाहीतर नातवाचं काही खरं नव्हतं.

मी मात्र त्या आठ दिवसांत वेगळाच शोध लावला. खेळता खेळता मी रांगोळीवर जानीच्या हिरड्यांचं एक गोल कडं मांडलं, मधे बीळ. घरोर दोन दिवस त्या कड्यात बरोबर उतरायचा. तिसऱ्या दिवशी तो बाहेर गेला असताना मी कडं उचलून हातभर पलीकडे मांडलं. तर हा मधमाशी घेऊन आला आणि उतरला कुठे? नुसत्या हिरड्यांच्या मधे, जिथे बीळ नाही तिथे! मातीत तोंड घालतोय, गोल गोल फिरतोय, पुन्हा उडतोय, पुन्हा तिथेच येतोय. खरं बीळ हातभर अंतरावर उघडं, आणि बापड्याला पत्ताच नाही. मी कडं परत ठेवलं तेव्हा कुठे सुटला. इतका वेंधळा प्राणी मी तोवर पाहिला नव्हता. मी हे कोणालाही सांगितलं नाही. माझ्या हातात आता एक माशी होती, जी मी म्हणेन तिथे उतरत होती, आणि ताईला हसू आणायला आणखी काय लागतं, असा विचार माझ्या मनात आला तो तिथेच.

पाहुणे आले ते दोघेच. मुलगा दत्तात्रय, मोखाड्याच्या शाळेत मास्तर, किडकिडीत, चष्मेवाला, सारखा जमिनीकडे बघणारा. आणि त्याचे मामा. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे मामा म्हणतील ती पूर्व. मामासाहेब जंगलखात्यात होते. सूर्यमाळच्या पाड्यांवरून हिंडण्यात उभी हयात गेलेली, गलमिशा कानापर्यंत, आणि डोक्यावर लाल पगडी, जी त्यांनी त्या दिवसासाठी मुद्दाम नवी बांधून घेतली होती. ओटीवर बैठक घातलेली होती, पण आत्याबाईंनी हट्टाने त्यांना परसात नेलं. शकुनाच्या जागी बोलणी व्हावीत असं त्यांचं म्हणणं. अण्णा म्हणाले, "अक्का, तिथे धूर येतो," तर त्यांनी अण्णांकडे नुसतं बघितलं. सतरंजी अंथरली, काकडीचे घारगे आले, वर तूप. मामांना उकडत होतं. त्यांनी पगडी काढून शेजारी पाटावर ठेवली, उलटी, म्हणजे खालची कड दबू नये. आणि मी पाटावर तिच्याभोवती हिरडे मांडायला लागले. बिळाभोवतीचं कडं सकाळीच उचलून ओच्यात घेतलं होतं.

"काय मांडतेस गं?" मास्तरांनी हळूच विचारलं. त्या दिवशी त्यांचं ते पहिलं वाक्य.

"खेळतेय," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, जसं काही सगळीच पोरं पाहुण्यांच्या पगडीशी खेळतात.

मग ताई आली. हिरवं लुगडं, नाकात आईची नथ, आणि गालात हिरड्याचा तुकडा. हा आत्याबाईंचा उपाय. तुरट हिरडा गालात धरला की तोंड असं आवळून येतं की हसायची सोयच उरत नाही. ताई समोरच्या दुसऱ्या पाटावर बसली. चेहरा बघवत नव्हता.

"नाव काय, मुली?" मामा म्हणाले.

"यबुला," ताई म्हणाली.

"कोण?"

"यमुना, यमुना," अण्णा घाईने म्हणाले. "जरा घसा बसलाय."

आत्याबाईंना वाटलं, आता गाडी रुळावरून घसरायच्या आत शकुन सांगून टाकावा. त्या पदर सावरून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते मामासाहेब, तुम्ही यायच्या आधीपासूनच आमच्याकडे घरोर येऊन राहिलाय."

मामांचा घारगा हातातच राहिला. "कोण येऊन राहिलाय?"

"घरोर हो. इथेच, परसात. रोज माती उकरतो बिचारा. त्याला बघितलं आणि आम्ही म्हटलं, आता जावई मिळाला."

मामांची उमर वारली पाड्यांत गेलेली. घरोर म्हणजे काय हे त्यांना आत्याबाईंपेक्षा शंभरपटीने माहीत. त्यांचे कान लाल झाले. "बाई, आमचा दत्तू तुमच्या घरी लाकडं फोडायला येणार नाही! बाप नाही म्हणून काय पोरगं वाऱ्यावर पडलंय होय?"

आत्याबाईंना यातलं काहीच कळलं नाही, पण पाहुण्याचं मन राखायला त्या गोड आवाजात म्हणाल्या, "लाकडं कशाला? नुसती माती उकरली तरी पुरे."

मामा ताडकन उठले. "दत्तू, ऊठ!" आणि इकडे, या सगळ्या गलक्यात, घरोर आला. पोटाशी मधमाशी धरलेली. रांगोळीवर घुटमळला, कडं नाही. पाटाकडे वळला, कडं आहे. आणि उतरला तो सरळ पगडीच्या पोटात. मी बघितलं. मास्तरांनीही बघितलं. ते म्हणाले, "मामा, पगडीत..."

"तू तोंड उघडायचं नाहीस!" म्हणत मामांनी पगडी उचलली आणि डोक्यावर दाबून बसवली.

दोन पावलं ते चांगले चालले. मग पगडी गुणगुणायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने, मग कापडात काही अडकून चिडल्यासारखी. मामा जागच्या जागी थिजले. डोळे वर गेले, गलमिशा थरथरल्या, आणि ते अजिबात न हलता, दातांतून म्हणाले, "कोण... आहे... आत?"

"अगो बाई, अंगात आलं!" आत्याबाई किंचाळल्या आणि बिळावरचं हळदकुंकू मूठभर उचलून त्यांनी मामांच्या अंगावर उधळलं. "कोण आहेस तू? कुठल्या झाडावरचा? बोल, काय पाहिजे तुला?"

मी ताईकडे बघितलं. ताईने ओठ गच्च मिटले होते, गाल फुगले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग ते फुटलं. असं हसू मी तिच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही फार वेळा ऐकलं नाही. हिरड्याचा तुकडा बंदुकीतून सुटावा तसा सुटला आणि मास्तरांच्या पाण्याच्या भांड्यात डुबकन पडला. मास्तरांनी भांड्यात बघितलं. चष्मा काढला. मग तेही हसायला लागले, आणि त्यांचं हसणं म्हणजे तेल न घातलेला रहाट, कुईं कुईं, ते ऐकून ताई आणखी हसली, अण्णा भिंतीकडे तोंड करून हसले, जानीने तर राखेत बसकण मारली. मामांनी शेवटी पगडी भिरकावली. घरोर उडून गेला. मधमाशी तेवढी मामांच्या टकलावर राहिली, हळदकुंकवात माखलेली.

सगळं शांत झालं तेव्हा माझ्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मोडलं! तिसरंही मोडलं! अण्णा हात जोडून पुढे झाले, "मामासाहेब, काय बोलू..." जानी मधेच म्हणाली, "अहो सायेब, मीच त्या माशीला घरोर म्हणली. आत्याबायना उमगलंच नाय." मामा फणकारून म्हणाले, "ते कळलं. पण मुलगी हसली त्याचं काय?"

तेव्हा मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मामा, मीही हसलो. मला मुलगी पसंत आहे."

"मला नाही पसंत!" मी भोकाड पसरलं. "मला नाही! मला नाही!"

"तुला कोण विचारतंय गं, शिंगरे!" आत्याबाई म्हणाल्या आणि मामांच्या पानात आणखी दोन घारगे वाढायला धावल्या.

लग्न झालं. ताई बैलगाडीतून मोखाड्याला गेली. मी गाडीच्या मागे घाटापर्यंत धावले असं सगळे सांगतात, मला ते आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या रात्री माझ्या परकराच्या नाडीला मी काहीच बांधलं नाही, आणि उगाच पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं. घरातली हसण्याची बंदी उठली होती, पण हसणार कोण!

पुष्कळ वर्षांनी, माझ्याही पदरात दोन पोरं असताना, मी ताईकडे मोखाड्याला गेले होते. आम्ही दोघी नागलीचे पापड लाटत होतो. बाहेर भाऊजी कोणा पोराला पाढे म्हणायला लावत होते. मला एकाएकी राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, तुला एक सांगायचंय. तुझं लग्न मोडावं म्हणून मामांच्या पगडीभोवती हिरडे मीच मांडले होते."

"माहीत आहे," ताई म्हणाली. लाटणं थांबलं नाही. "दारातून बघत होते मी. काय करतेस ते नव्हतं कळलं, पण काहीतरी करतेस ते कळलं होतं."

"रागावली नाहीस?"

"कशाला? मीही तेच करणार होते. आधीच्या दोघांना काय मला खरंच हसू आलं होतं? खाकरण्यात हसण्यासारखं काय असतं गं?" तिने पापड उचलून कापडावर टाकला. "तू नाडीला गाठ मारून झोपायचीस. तुला टाकून कशी जाणार होते मी? त्या दिवशीसुद्धा ठरवून ठेवलं होतं, मामांनी तिसरा प्रश्न विचारला की हिरडा थुंकायचा आणि हसायचं. खोटं हसलं की पाहुणे बरोबर उठून जातात. माझा हात बसला होता त्यात."

"मग?"

"मग काय? तू खरं हसवलंस. आणि यांना ते आवडलं."

"म्हणजे मी काहीच केलं नसतं, तर..."

"तर राहिले असते की तुझ्याजवळ," ताई म्हणाली.